येसूचा डोह

घोणशी नदीवर पूल नव्हता आणि घाटात वाघ फिरत होते, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी आडखोल नावाचं गाव आहे. गावाखाली नदी एक मोठं वळण घेते आणि त्या वळणावर खोल डोह आहे. भोवती एवढं रान, की लांबच्या माणसांना तो डोह ठाऊकही नव्हता. त्यात खडस मासे असायचे. पिंपळपानाएवढे खवले, सोनेरी पाठ, आणि अंगात अशी ताकद की गळाला लागला तर धडधाकट गड्याला पाण्यात ओढून न्यायचा.

त्या डोहावर येसू भोईण गळ टाकायची. गळाला पिकलेलं उंबर लावायचं, दोरी बोटावर घ्यायची आणि खडकावर न हलता बसून राहायचं. मासा जवळ आला, उंबर हुंगून परत फिरला, सगळं तिला बोटात कळायचं, असं म्हणतात. तिचा नवरा रावजी पलीकडच्या धारेला जाळं लावायचा.

येसूला मूल नव्हतं. लग्नाला बरीच वर्षं झाली, नवस बोलून झाले, तरी कूस उजवली नाही. मग ती दिसली की बाया आपलं लेकरू पदराखाली घ्यायला लागल्या. तिच्या हातचे मासे चालत, तिची नजर चालत नसे. ती घरी येऊन गप्प बसली की रावजी म्हणायचा, "त्यांच्या मनात काय असेल ते असू दे. मी तुला ओळखतो ना?" तेवढ्या एका वाक्यावर ती पुढचा दिवस काढायची.

एका श्रावणात डोंगरावर पावसाची झड लागली. नदी तांबडीलाल होऊन दोन्ही काठ खात होती. आणि एका सकाळी गाव उठून बघतं तर नदीचा आवाजच नाही. पात्रात नुसते गोटे आणि चिखल. डोह कमरेएवढा उरलेला, आणि त्यात सगळ्या नदीचे खडस एकावर एक तडफडताहेत.

गावाला हर्ष झाला. भानजी पाटील म्हणाले, देवीनंच ताट वाढून दिलंय. झालं, टोपल्या घेऊन, पाट्या घेऊन, म्हातारेकोतारेसुद्धा पात्रात उतरले. पाटलांची सून चंद्रा हिनं काठावरच्या करंजाला झोळी बांधली, तीत आपलं तान्हं निजवलं आणि तीही पाण्यात शिरली. पाटलांच्या घरात फार वर्षांनी पाळणा हलला होता.

येसू मात्र काठावरच उभी राहिली. वर डोंगर काळाकुट्ट दिसत होता, तिथं पाऊस थांबलेला नव्हता. मग ते पाणी जातंय कुठं? तिच्या पायाजवळून खेकडे चालले होते, सगळेच्या सगळे वर, काठ चढून रानाकडे. ती आपल्या नेहमीच्या खडकावर गेली आणि तिनं त्यावर तळहात ठेवला. खडक आतून थरथरत होता.

तिला उमगलं. वर खिंडीत दरड कोसळली होती आणि नदी तिच्यामागं कोंडली होती. ती दरड फुटायला किती वेळ लागेल, कोण सांगणार?

तिनं पाटलांना सांगितलं. ते म्हणाले, इतकी वर्षं हा डोह तुझ्या एकटीचा होता, आज गावाला मिळतंय तर तुझ्या पोटात दुखतंय. ती बायांकडे गेली, त्यांनी पाठ फिरवली. ती रावजीकडे धावली. त्याच्या दोन्ही हातांत एक मोठा खडस होता आणि तो लहान मुलासारखा हसत होता.

"अवं, वर चला," ती म्हणाली. "पाणी वर अडलंय. ते येणार."

"येतो गं. एवढा टोपलीत टाकतो नि आलोच."

तो येईना. कुणीच येईना. येसू पुन्हा काठावर आली. तेवढ्यात करंजाची झोळी हलली आणि आतलं पोर कुरकुरलं. येसूनं झोळीकडे पाहिलं, पात्रातल्या माणसांकडे पाहिलं. आपल्याविषयी गावाच्या मनात काय आहे, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

तिनं पोर उचललं, छातीशी धरलं आणि टेकडीची वाट धरून पळत सुटली.

चंद्रानं किंकाळी फोडली, "येसूनं माझं पोर नेलं!" आणि सगळं गाव मासे टाकून तिच्यामागं लागलं. शिव्या आल्या, दगड आले. एक दगड तिच्या डोक्याला लागला, रक्त डोळ्यात उतरलं, तरी तिचे पाय थांबले नाहीत. पोराच्या अंगावर दगड येऊ नये म्हणून ती वाकून पळत होती. त्या पोराला सबंध वाटेत साधा हिसकाही बसला नाही, असं म्हणतात.

टेकडीच्या माथ्यावर ती खाली बसली. चंद्रानं पोर हिसकावून घेतलं. पाटलांनी काठी उगारली. येसूचं काठीकडे लक्षच नव्हतं. ती एकेक चेहरा शोधत होती. सगळे आले होते. रावजी नव्हता.

"माझा माणूस कुठाय?" तिनं विचारलं.

कुणीतरी सांगितलं, त्याला आम्ही हाक मारली होती. तो म्हणाला, माझी येसू पोराला काही करायची नाही, तिचं काहीतरी कारण असेल. आणि पुन्हा माशांकडे वळला.

साऱ्या गावाला तिचा संशय होता म्हणून गाव वर आलं. एकाचा विश्वास होता, तो खाली राहिला.

आणि तेव्हा खिंडीतून आवाज आला. ढगांच्या गडगडाटासारखा सुरू झाला, पण थांबेचना. पाटलांच्या हातातली काठी तशीच राहिली. येसू उठली आणि उतारावरून खाली धावली. चंद्रानं तिचा पदर धरला होता, त्याचा तुकडा चंद्राच्या मुठीत राहिला.

पाणी आलं ते भिंतीसारखं, झाडं-धोंडे घेऊन. पण डोहाच्या तोंडाशी ती भिंत क्षणभर उभी राहिली, असं म्हणतात. येसू रावजीपाशी पोचेपर्यंत ती उभी राहिली. टेकडीवरून सगळ्यांनी पाहिलं, त्यानं हातातला मासा सोडला आणि तिचा हात धरला. मग पाणी पुढं आलं.

पूर ओसरल्यावर गावानं खूप शोधलं. ती दोघं सापडली नाहीत. डोह मात्र पुन्हा भरला होता आणि त्यात दोन खडस फिरत होते, एवढे मोठे कुणी कधी पाहिले नव्हते. एक दुसऱ्याला सोडून जात नसे.

आडखोलात त्या डोहाला आता येसूचा डोह म्हणतात. तिथं कुणी जाळं लावत नाही, गळही टाकत नाही. श्रावणात एका सकाळी त्या वर्षी जन्मलेली सगळी तान्ही पोरं काठावर आणतात आणि गावातल्या ज्या बायांना मूल नाही त्यांच्या ओटीत देतात. त्या पोरं घेऊन टेकडी चढतात, सारं गाव त्यांच्यामागून चढतं. माथ्यावर पोचल्यावर आया समोर खाली बसतात. पोर परत मागायचं नसतं. ती बाई आपणहून देईपर्यंत कुणी हात पुढं करत नाही.