देवभाताचा शाप

एका राज्यात भाताखेरीज दुसरे पीक नव्हते, आणि राजा धवलकेतूला शुभ्र तांदळाखेरीज दुसरा तांदूळ चालत नसे. बांधाच्या कडेला तांबडे, कुसळांचे देवभात राखण्याची तेथे जुनी रीत होती. ते कोणी पेरीत नसे, कोणी कापीत नसे.

एकदा नैवेद्यात तांबडा दाणा निघाला. राजा म्हणाला, "देवभात समूळ उपटा."

वृद्ध राजगुरू म्हणाले, "महाराज, देवाचा वाटा मोडणारे आपण कोण?"

"राजा," तो म्हणाला.

देवभात उपटले गेले आणि त्याचा शाप लागला. त्याच हंगामात दवावर बसून करपा नावाचा मायावी आला. पानापानावर राखी डोळे उघडले. मग लोंब्यांच्या माना मोडल्या. दाण्यांत दूध भरलेच नाही. गावे ओस पडली. युवराज पाळण्यातच गेला.

राजाने हात जोडले. करपा हसला. "तुझी सारी रोपे एका तोंडावळ्याची. एकाची मान मोडायला शिकलो, सर्वांची मोडता आली."

राजकन्या इंदुलेखा बियाण्याची शेवटची पिशवी घेऊन निघाली. उजाड बांधावर एक मुनिया पक्षीण बसली होती.

"मुनिये, देवभात कोठे उरले?"

"आता आठवण झाली होय गं, राजाच्या लेकी? दलदलीत, कड्यावर आणि श्मशानात. तिन्हींचे बळ एका रोपात आण."

दलदलीतल्या मगरीने मोबदल्यात तिच्या पायाची बोटे घेतली आणि पहिले बी दिले. प्रजा मरत होती. उरलेल्या दोन बियांसाठी इंदुलेखा थांबली नाही. तिने तेवढेच पेरले. एक पीक हाती आले. पुढच्या हंगामात करपा बांधावर येऊन म्हणाला, "एकच कुलूप? किल्ली घडवली मी." पुन्हा माना मोडल्या.

ती लंगडत कड्यावर गेली. गिधाडाने तारुण्य घेतले. श्मशानातल्या पिशाच्चाने जिभेची चव घेतली. पांढऱ्या केसांची राजकन्या तिन्ही भाते शुभ्र भाताशेजारी घेऊन बसली. भर दुपारी भाताची फुले उघडत. तेव्हा ती एकाचे पराग दुसऱ्याला लावी. दाणा धरला की पुन्हा पेरी. ज्या रोपात तिन्ही बळे उतरली नाहीत, ते करप्याने खाल्ले. उरले ते तिने राखले.

अखेर करपा त्या शेतात शिरला. पहिले कुलूप त्याने उघडले. दुसऱ्याशी झुंजला. तिसऱ्यापाशी उन्हातल्या दवासारखा आटून गेला. शाप फिटला. लोंब्या भरल्या, वाकल्या, पण मोडल्या नाहीत.

राजाने स्वतः चिखलात उतरून बांधाबांधावर देवभात लावले. मग पंगत बसली. रिकामा पाळणा तेथेच टांगलेला होता.

"लेकी, चव कशी आहे?" राजाने विचारले.

"आपण सांगा, महाराज. माझी देऊन आले."

राजाच्या घासात एक तांबडा दाणा होता. सवयीने त्याची बोटे तो वेचायला गेली. पण बोटे मध्येच थांबली. त्याने दाणा कपाळाला लावला आणि मान खाली घालून खाल्ला.