तालमीसाठी टीव्ही

“…मग सांगा की वस्ताद, ह्यो मोठा घ्यायचा, का तो बारका?”

हिंदुराव चौगले दुकानाच्या मधोमध उभा होता. डोक्यावर फेटा नव्हता, पण मान फेट्याखाली असते तशीच ताठ. इचलकरंजीतल्या त्या दुकानात तो शिरल्यापासून गिऱ्हाइकं टीव्ही सोडून त्याच्याकडेच बघत होती. ते त्याला ठाऊक होतं.

कासम वस्ताद एका स्टुलावर बसले होते. त्यांच्याच तालमीत हिंदुराव लहानाचा पैलवान झाला होता.

ते काठीवर दोन्ही हात ठेवून समोरच्या भिंतीकडं बघत होते.

भिंतीवर दोन टीव्ही शेजारी शेजारी लावलेले. एक भिंतभर. दुसरा त्याच्या निम्म्याएवढा. किंमत दोन्हींची जवळपास सारखीच.

“मोठ्यात तुम्हाला आकार मिळतो, लहानात चित्र,” दुकानातल्या बाई म्हणाल्या. “मोठ्याचा पडदा साधा आहे. काही वेगानं हललं की पुसट होतं. हा लहान आहे, पण ह्यात घामाचा थेंबसुद्धा दिसेल.”

“आमचा घाम मोठ्यातबी दिसंल,” हिंदुराव म्हणाला.

लोक हसले. वस्ताद हसले नाहीत.

यंदाच्या जत्रेच्या मैदानात हिंदुरावनं बिरू गावडेला चितपट केलं होतं. बिरू जतकडचा धनगर. कित्येक मैदानं त्याची पाठ कुणी मातीला लावली नव्हती. त्या दिवशीही हिंदुराव खाली गेला होता, हरल्यातच जमा होता. आणि अचानक एका हिसक्यात तो बिरूच्या पकडीतून निसटला, गर्रकन फिरला, आणि बघता बघता बिरू खाली, हिंदुराव वर.

त्या हिसक्याचं लोक अजून नाव काढत. तालमीतले पैलवान तो करून बघत. हिंदुराव त्यांना रोज शिकवी. अजून कुणाला जमला नव्हता.

आता बक्षिसातून तो तालमीला टीव्ही देणार होता. रविवारी सगळ्या गावाला बसवून तीच कुस्ती लावायची. शेजारच्या गावच्या तालमीत आहे त्याहून मोठा पडदा पाहिजे, हे तो घरूनच ठरवून आला होता. वस्तादांना विचारायचं, ते रिवाज म्हणून.

त्यानं खिशातून पेन ड्राइव्ह काढून बाईंच्या हातात दिला. “हे लावा. मोठ्यावर.”

भिंतीवर मैदान उजळलं. माणसांच्या रांगा, हलगीचा कडकडाट. पडद्यावरचा हिंदुराव खऱ्या हिंदुरावपेक्षा थोराड दिसत होता. गिऱ्हाइकं गोळा झाली.

“आता बघा,” हिंदुराव म्हणाला. “आता येतोय.”

दोन अंगं एकमेकांत मिसळली. तांबडा ढग झाल्यासारखं झालं. त्या ढगातून हिंदुराव वर आला.

दुकानात टाळ्या पडल्या.

“दिसलं न्हवं, वस्ताद?”

“दिसलं.”

“काय दिसलं?”

“तू दिसलास.”

हिंदुरावला ते फार आवडलं. “मग हाच बांधायला सांगू?”

वस्ताद उठले. काठी टेकत लहान टीव्हीपुढं गेले आणि तिथंच उभे राहिले.

“आता हितं लाव.”

बाईंनी लावलं.

हिंदुराव कौतुकानं पुढं सरकला. खरंच, चित्र सुरेख होतं. मातीचा कण न् कण दिसत होता. स्वतःच्या दंडावरची शीर दिसत होती. हे कुणी आपल्याला आधी दाखवलं कसं नाही, असं त्याला वाटलं.

मग पडद्यावरचा हिंदुराव खाली गेला. बिरू त्याच्या पाठीवर चढला.

हिंदुरावचा डावा हात त्याच्याच छातीखाली अडकलेला होता. कोपर उलटं वळलेलं. त्याला तेव्हाची कळ आठवली, बाकी काही आठवलं नाही. बिरू जोर लावणार होता. लावला असता तर पाठ लागली असती, आणि त्याआधी हात मोडला असता.

बिरूनं मान वाकवली. त्या कोपराकडं पाहिलं.

आणि पकडीची बोटं उघडली.

मग हिसका आला.

“थांबवा,” हिंदुराव म्हणाला. “…परत लावा.”

बाईंनी परत लावलं.

बिरूची मान वाकली. बोटं उघडली. मग हिसका.

“परत.”

…

“अगोदर सुटलं हुतं,” तो पुटपुटला. “मी फिरायच्या अगोदरच.”

तेवढ्यात एक गृहस्थ बायकोला घेऊन पुढं आले. “पैलवान, एक फोटो काढू द्या. काय फिरवलात त्याला! आम्ही मैदानात होतो.”

हिंदुरावची मान सवयीनं ताठ झाली. फोटोसाठी चेहराही तयार झाला. गृहस्थांनी मोबाईल वर धरला.

“मी न्हाई फिरवला,” हिंदुराव म्हणाला. “त्यानं सोडलं मला.”

गृहस्थ क्षणभर गोंधळले. मग खूश होऊन बायकोकडं वळले. “बघितलंस? मोठी माणसं अशी बोलतात.”

आणि फोटो काढून निघून गेले.

हिंदुराव तिथंच उभा राहिला. अंगाला माती लागावी तसं ते कौतुक त्याच्या अंगाला चिकटलं होतं, आणि झटकता येत नव्हतं.

“वस्ताद… तुम्हाला ठावं हुतं?”

“मी आखाड्याच्या कडेलाच बसलो हुतो.”

“मग त्याच वेळी बोलला का न्हाई?”

“आलो हुतो बोलायला. तू लोकांच्या खांद्यावर हुतास.”

“मागनं बोलायचं!” हिंदुरावचा आवाज चढला. दुकानातली माणसं वळून बघायला लागली. “रोज तालमीत मी पोरांस्नी तो हिसका शिकवतोय. तुम्ही समोर बसून बघताय!”

“शिकत हुतो.”

“काय शिकत हुता?”

“न झालेला डाव कसा शिकवत्यात, ते.”

हिंदुरावनं तोंड फिरवलं. काचेबाहेर रस्त्यावर वाहनं चालली होती. मग त्यानं खिशातून फोन काढला.

पलीकडून मेंढरांचा आवाज आला, आणि मग बिरूचा.

“कोण? हिंदुराव? …हात कसा हाय?”

हिंदुरावनं आपलं डावं कोपर चाचपलं.

“आरं, हात कसा हाय तुजा?”

“बरा हाय. तू सोडलास म्हणून बरा हाय.”

पलीकडं बिरूनं मेंढरांना हाळी दिली.

“कुस्ती खेळायला आलतो,” बिरू म्हणाला. “हात मोडायला न्हवं.”

“मला सांगितलं का न्हाईस?”

“काय सांगायचं त्यात?”

…

“रविवारी येशील? तालमीत टीव्हीवर कुस्ती लावणार हाय.”

“कंची? मी हरलेली?” बिरू खळखळून हसला. “येतो की. चांगली झालती.”

फोन बंद झाला. हिंदुराव बाईंकडं वळला.

“हा बांधा.”

“लहान?” बाईंना नवल वाटलं. “नक्की ना? मागं बसणाऱ्यांना नीट दिसणार नाही.”

“त्यांनी पुढं यावं. ह्यात बिरू दिसतोय.”

वस्तादांनी मान हलवली, की काठीवरचा हात बदलला, ते कळलं नाही.

बाई खोकं आणायला आत गेल्या. हिंदुराव येरझारा घालू लागला. चालता चालता त्याची छाती पुन्हा हळूहळू वर आली. डोळ्यांत चमक आली.

“वस्ताद, ठरलं. रविवारी सगळ्या गावापुढं कुस्ती लावतो. जिथं त्यानं सोडलं तिथं थांबवतो. सगळ्यांना सांगतो, ही कुस्ती माझी न्हवं. आणि मैदानात मिळालेली चांदीची गदा तिथंच त्याच्या हातात देतो.” त्यानं दोन्ही हात पसरले. “आजवर कुठल्या पैलवानानं असं केलं नसंल! पंचक्रोशी नाव काढंल.”

वस्ताद त्याच्या पसरलेल्या हातांकडं बघत राहिले.

हात हळूहळू खाली आले.

“…चुकलो का?”

“कुस्ती लाव. सांगायचं ते सांग.”

“आणि गदा?”

“गदा देऊ नको.”

“का? ती त्याची हाय.”

“व्हय. त्याचीच हाय.”

“मग माझ्याजवळ कशापायी ठेवायची?”

वस्ताद दाराकडं निघाले होते. उंबऱ्याशी ते थांबले.

“वागव थोडे दिस. आता कुठं ती तुला जड व्हायला लागलीया.”