रांजणाचा तळ

एका राज्यात, जिथे मोर राजसभेत सल्ला देत आणि डोंगर अधूनमधून कूस बदलत, एक सोन्याचा रांजण होता. तो कधी रिता होत नसे. काळकूट नावाच्या जादूगाराने तो राजाच्या पणजोबांना भेट दिला आणि जाताना म्हणाला, "जो हा रिता करील, तो दगड होईल." पणजोबांनी मान डोलावली. फुकटची वस्तू समोर आली की राजेलोकसुद्धा फार चौकशी करत नाहीत.

मग रांजणाचे सोहळे सुरू झाले. बाळाचे बारसे झाले की त्याचा इवलासा हात त्या पाण्यात बुडवायचा. पाहुणे आले की त्यांनी घोड्यावरून उतरून थेट ओंजळ बुडवायची. लांब दांड्याच्या ओगराळ्याने पाणी घेणे म्हणजे रांजणाचा अपमान! मुदपाकखान्यातला, गोठ्यातला, तालमीतला, ज्याचा त्याचा हात त्यात बुडे. पाणी संपत नसे, म्हणून रांजण कोणी घासतही नसे. दासींच्या घरची तांब्याची कळशी रोज चिंचेने लख्ख होई, पण सोन्याच्या रांजणाचा तळ कोणाच्याही दृष्टीला पडला नव्हता.

राजा सिंहकेतू आणि राणी हिमावती यांना दोन पुत्र झाले. दोघेही पावले टाकू लागले, रांजणाशी खेळू लागले, जुलाबांनी सुकत गेले आणि आईच्या मांडीवरच त्यांनी प्राण सोडला. त्यानंतर राजवाड्यात त्यांची नावे कोणी घेतली नाहीत. आता धाकटी लेक केतकी तशीच अंथरुणाला खिळली होती. डोळे खोल गेले होते, ओठ सुकले होते, रडताना डोळ्यांतून पाणी येत नव्हते. राजवैद्य हात जोडून म्हणाले, "वंशाचे प्राक्तन, महाराणी." राणीने लेकीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लवकर खाली बसेना. दोन्ही मुलांच्या वेळी असेच झाले होते.

तेवढ्यात खिडकीबाहेरच्या कडुनिंबावर भारद्वाज येऊन बसला. दासींनी शुभशकुन म्हणून लगबगीने हात जोडले.

"नमस्कार पुरे," भारद्वाज म्हणाला. "मला पाहून सगळे हात जोडतात, माझे ऐकत मात्र कोणी नाही. राणी, हे प्राक्तन नव्हे. हे पाणी आहे."

"उपाय सांगा, पक्षिराज."

"कामे तीन. अग्निसर्पाकडून निखारा आण. मिठाच्या बेटावरच्या आजीकडून मीठ आण. आणि रांजणाचा तळ पाहा."

"तळ दिसायचा तर रांजण रिता करावा लागेल. रिता करणारा दगड होतो."

"म्हणून तर ते काम शेवटी ठेवले."

राजाने लेकीचे डोके मांडीवर घेतले, आणि राणी निघाली. भारद्वाजाला लांबची भरारी जमत नाही, म्हणून तो झाडाझाडांवरून पुढे जाई आणि राणी खालून धावे. रानाच्या पोटात अग्निसर्प वेटोळे घालून बसला होता. त्याच्या उशाशी कधीच न विझणारा निखारा होता.

"निखारा कशाला?" सर्पाने विचारले.

"लेकीचे पाणी उकळायला."

"कोमट करून थांबशील. सगळे तसेच करतात."

"नाही थांबणार. किती उकळू ते सांगा."

"पाणी खळखळून हसू लागेल तोवर. मग झाकून निवव, आणि त्यात हात बुडवू नकोस. निखारा उसना देतो, उद्या मावळतीला परत हवा. तोवर तुझी सावली इथे ठेव."

राणीने सावली काढून घडी घातली, सर्पापुढे ठेवली आणि निखारा उचलला.

ओहोटीला उघड्या पडलेल्या वाळूवरून राणी मिठाच्या बेटावर पोहोचली, तिथे आजी पांढऱ्या ढिगाऱ्यावर बसून होती. राणीने भलीमोठी परात पुढे केली.

"परात?" आजी हसली. "लेक वाचवायची आहे की लोणचे घालायचे आहे? चिमूटभर ने, पोरी. उकळून निवलेल्या पाण्यात हे मीठ टाक, साखर टाक, आणि चमच्याचमच्याने पाज. ओकली तर जरा थांब आणि पुन्हा पाज. आधी स्वतः चाखून बघ. आसवांहून खारट लागले तर ओतून दे, नवे कर. चव ठाऊक आहे ना आसवांची?"

"माझी आसवे आटली आहेत, आजी."

"मुलांची नावे काय होती?"

किती काळ ती नावे राणीच्या ओठांवर आली नव्हती! मग ती म्हणाली, "मकरंद." आणि श्वास घेऊन म्हणाली, "अरिंजय." नावे उच्चारली आणि बांध फुटला. ती लहान मुलीसारखी हमसून हमसून रडली. आजीने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि एक थेंब तिच्याच बोटावर टिपून दिला. "चाख. एवढेच खारट."

राजवाड्यात परतल्यावर राणीने आधी आपले हात राखेने चोळून धुतले. रांजणाचेच पाणी खळखळून हसेपर्यंत उकळले, निववले, मीठ-साखर घालून चाखले आणि केतकीच्या ओठांना चमचा लावला. रात्र तशीच गेली. उजाडताना केतकीने लघवी केली, आणि अंथरूण ओले झाले म्हणून राणी आनंदाने रडली. असा आनंद ज्याने आजारी मुलाची शुश्रूषा केली आहे त्यालाच कळतो.

"आई, अजून पाणी," केतकी म्हणाली.

राजाचे डोळे भरून आले. "पोर वाचली. आता रांजणाच्या नादी लागू नकोस."

"महाराज, निखारा मावळतीला परत जायचा आहे. परवा ही तुरुतुरु चालत पुन्हा त्याच रांजणात हात घालील."

"तू दगड झालीस तर तिला आई कुठली?"

"आणि मी बसून राहिले तर मला लेक कुठली?"

राणीने पदर खोचला. रांजण उपसला की पुन्हा भरे, हे सगळ्या राज्याला माहीत होते. तो आडवा करावा, हे मात्र कोणाला सुचले नव्हते, कारण कोणाची छातीच झाली नव्हती. तिने खांदा लावून तो लोटला. पाणी चौकातून धो धो वाहून गेले. तळाशी बोटभर हिरवा गाळ होता, आणि गाळात तोच जादूगार काळकूट, बेडकाएवढा होऊन, मांडी घालून बसला होता. मुलांच्या अंगातले पाणी पिऊन तो गुबगुबीत झाला होता.

"झाकून टाक," तो म्हणाला. "पाय बघ आपले."

राणीची पावले दगड झाली होती. तिने राख आणि चिंच घेतली, नारळाच्या शेंडीने घासायला सुरुवात केली. दगड गुडघ्यांपर्यंत आला. ती घासत राहिली. दगड कमरेपर्यंत आला, आणि हात तळापर्यंत पोहोचेना.

तेव्हा राजाने मुकुट खाली ठेवला, बाह्या सरसावल्या आणि तो तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसला. "सरक जराशी," तो म्हणाला. "मकरंदाच्या वेळीच हे करायला हवे होते आपण."

त्याच्या तोंडून ते नाव ऐकून राणीने त्याच्याकडे पाहिले, आणि त्याला जागा करून दिली. राजा घासू लागला तसा दगड थबकला. राजवैद्य आले, त्यांनी राखेची मूठ उचलली. आचारी आले, दासी आल्या, घोड्यांचे मोतद्दार आले. ज्या ज्या हातांनी रांजण गढूळ केला होता, ते सगळे हात आत उतरले. जो रिता करील तो, असा शाप होता. आता "तो" म्हणायचे कोणाला, हे शापाला उमजेना. राणीच्या कमरेचा दगड सुटला, त्याचे कण कण झाले, आणि घासणाऱ्या प्रत्येकाच्या तळहातावर एकेक कण जाऊन बसला. तिथे एक लहानसा घट्टा पडला, इतकेच. गाळ धुतला गेला तसा काळकूट आक्रसत गेला आणि शेवटी मोरीतून गडप झाला.

मावळतीपूर्वी भारद्वाज निखारा पोचवून राणीची सावली घेऊन आला. रांजण चारचौघांसारखा झाला. भरावा लागे, संपे, आणि रोज घासला जाई. त्याच्यावर झाकण आले, शेजारी ओगराळे टांगले गेले. बारशाला बाळाचा हात पाण्यात बुडवणे बंद झाले. आता बाळाला घेण्याआधी पाहुणेच हात धुऊ लागले. पुढेपुढे त्या राज्यात सोयरीक जुळवतानासुद्धा लोक आधी तळहातावरचा घट्टा बघत.

केतकी गोबरी झाली, हट्टी झाली. दमून आली की आईच्या मांडीवर पडे, तिची मूठ उघडे आणि तळहातावरचा तो कठीण ठिपका गालाखाली घेऊन झोपी जाई. राणी मग हात हलवत नसे.

असे त्यांच्या घरचे पाणी निवळले, तसे ऐकणाऱ्यांच्या घरचे निवळो. त्यांची लेकरे, तशी तुमची लेकरे सुखात नांदोत.