चिंचेपासून ओढ्यापर्यंत

एक होता देशमुख, दौलोजी त्याचं नाव. फार जुनी गोष्ट, बरं का. तेव्हा माणसं घोड्यावरून मोहिमेला जायची आणि गेलेलं माणूस परत येईलच असं नसायचं. दौलोजीची जमीन केवढी? कावळा एका टोकाहून उडाला तर दुसऱ्या टोकाला बसेस्तोवर त्याला भूक लागायची, एवढी.

त्याला तीन लेकरं. थोरला हैबती, मधला मानाजी आणि धाकटी लेक भिवरा. भिवरेचं लग्न झालं, नवरा मोहिमेवर गेला, तो आलाच नाही. मेला म्हणावं तर निरोप नाही, आहे म्हणावं तर माणूस नाही. सासरचे म्हणाले, कुंकू ठेव नाहीतर पूस, पण इथं राहू नकोस. मग ती आली माहेरी. बापाचं अंथरूण तिनंच काढलं, तिनंच घातलं.

बापाला कळलं, आता आपलं भरलं. मग त्यानं सगळा गाव अंगणात बोलावला. तेव्हा कागद कुठला आणि शाई कुठली? गावापुढं बोललेला शब्द, तोच कागद. सगळ्यांच्या हातावर बेलाचं पान ठेवलं, वर भंडारा टाकला. बेलभंडारा हातात घेऊन ऐकलं की ते विसरायचं नसतं. विसरलं की देव विचारतो.

दौलोजी म्हणाला, "नदीकाठची काळी हैबतीची. डोंगराकडचा माळ आणि गुरं मानाजीची. आणि चिंचेपासून ओढ्यापर्यंतची पट्टी, मधल्या विहिरीसकट, माझ्या भिवरेच्या चोळीबांगडीची. तिनं कुणापुढं हात पसरू नये."

गाव म्हणाला, ऐकलं.

इथवर बरं झालं. पण मग म्हातारा चुकला. म्हणाला, बाईमाणूस शिवेवर कुठं उभं राहणार, तिच्या पट्टीची राखण हैबतीनं करावी. झालं! दुधाची राखण मांजराला.

म्हातारा गेला. पहिल्या साली हैबतीनं बहिणीचं पीक बहिणीला दिलं. दुसऱ्या साली नांगर वळवायला जागा हवी म्हणून एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, तिच्या बांधात घातलं. तिसऱ्या साली आणखी. बांध कोरायचा म्हणजे उंदरानं भाकरी कुरतडावी तसं, आवाज होत नाही. एक दिवस भिवरा बघते तर चिंच भावाच्या शेतात आणि विहिरीवर भावाची मोट.

ती गेली विचारायला. हैबती हसला. म्हणाला, "अगं, जेवतेस माझ्या घरात, नेसतेस माझ्या घरातलं. तुला जमीन काय उशाला घ्यायचीय?"

मग ती मानाजीकडं गेली. मानाजी म्हणाला, तुम्हा दोघांच्या मधे मी कशाला? आणि गुरं पाण्यावर घेऊन गेला. कुठल्या पाण्यावर? तिच्याच विहिरीच्या.

मग ती गावाकडं गेली. कुंभार म्हणाला, त्या दिवशी वारा फार होता, नीट ऐकू आलं नाही. त्याला माती हैबतीच्या शेतातून मिळायची. जोशी म्हणाला, मी मंत्र म्हणत होतो. पाटील म्हणाला, बापाचा शब्द होता खरा, पण चिंच नक्की कुठली, चिंचा काय एक आहेत? बेलाची पानं वाळून गेली होती, बाळांनो. भंडारा हात धुतला की जातो.

मग पंच म्हणाले, भांडण कशाला, ढेकूळ ठरवील. तेव्हा अशी रीत होती. शिवेचं भांडण झालं की त्याच मातीचं ढेकूळ डोक्यावर घ्यायचं आणि ओलेत्यानं शीव चालायची. चालला ती शीव खरी. खोटा असेल तर त्याला धरतीच बघून घेईल.

भिवरा म्हणाली, मी चालते. पंच म्हणाले, बाईच्या डोक्यावर घागर शोभते, शीव नाही. हैबती चालेल.

मग हैबतीनं ओढ्यात बुडी मारली. तिच्याच पट्टीतलं ढेकूळ उचललं, बोराएवढं हलकं, आणि निघाला. चिंच आली. चिंचेच्या अलीकडून जायचं तर तो पलीकडून गेला. ढेकूळ झालं वरवंट्याएवढं जड. तो म्हणाला, हीच बापाची शीव. विहीर आली. तिला वळसा घालून आपल्याकडं घेतली. ढेकूळ झालं जात्याएवढं. मान आत गेली, पण म्हणाला, हीच बापाची शीव. ओढा आला. ढेकूळ झालं भरल्या गाडीएवढं. डोळे बाहेर आले, तरी म्हणाला, हीच. आणि पोचला.

गाव म्हणाला, चांगभलं! पट्टी हैबतीची झाली.

मग हैबतीनं ढेकूळ काढायला हात वर केला. ढेकूळ निघेना. मानाजीनं ओढलं, निघेना. लोहारानं पहारीनं उकरलं, पहार वाकली. पागोटं बसेना, आडवं होता येईना. भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचा. पावसाळा आला आणि त्याच्या डोक्यावर बाजरी उगवली. चिमण्या यायच्या. हसू नका. भिवरा हसली नाही.

ती आता भावाच्या गोठ्याशेजारी राहायची, दळण दळायची. एकदा त्याला ताट वाढताना तिनं सहज त्या ढेकळाला हात लावला, तर ते हलकं झालं. बोराएवढं. हैबतीच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून तो जेवायला बसला की ती मागं उभी, तो झोपला की ती उशाशी, हात वर. बापानं लेकीला पट्टी दिली होती. तिच्या वाट्याला आलं भावाचं डोकं.

हैबती तिला हळूच म्हणायचा, "भिवरे, पट्टी तुझीच गं. मला माहीत आहे."

ती म्हणायची, "मलाही माहीत आहे, दादा. गावाला सांग."

"गावाला कसं सांगू? मी ती शीव चाललोय ना."

अशी वर्षं गेली. भिवरेचा हात कोपरात वाकडा झाला, केस पिकले.

मग हैबतीच्या लेकीचं लग्न ठरलं. तिचं नाव ठकू. गावजेवण होतं, पंगत बसली, व्याही शेजारी, आणि हैबतीच्या मागं भिवरा, हात वर. भात वाढला, तूप वाढलं. मग हैबती थोरपणानं म्हणाला, "ऐका. चिंचेपासून ओढ्यापर्यंतची माझी पट्टी मी माझ्या ठकूला चोळीबांगडीची देतो."

माझी, म्हणाला.

भिवरेनं हात काढून घेतला.

हैबती पाटासकट गुडघ्यापर्यंत जमिनीत गेला. त्यानं मानाजीकडं बघितलं. मानाजी ताटात बघत होता. मग कमरेपर्यंत गेला. त्यानं पंचांकडं बघितलं. पंच ताटात बघत होते. मग गळ्यापर्यंत गेला, हनुवटीला माती लागली. तेव्हा त्यानं मान वळवून बहिणीकडं बघितलं. तिनं हात पदराखाली घेतला.

मग तो बोलला. "पट्टी हिची आहे. बापानं दिली. मी खोटा चाललो, आणि तुम्हा सगळ्यांना ते माहीत होतं."

धाड करून ढेकूळ फुटलं. उडालेले खडे कुठं पडले? ज्यानं ज्यानं तो शब्द ऐकला होता आणि गिळला होता, त्याच्या त्याच्या भातात. ताटं बदलली, पुन्हा खडा. दुसऱ्या दिवशी तांदूळ निवडून शिजवले, पुन्हा खडा. घास घेतला की करकर. जन्मभर.

हैबतीला खणून काढला. भिवरेला पट्टी मिळाली. पण विळा धरायला हात सरळ होता का? नव्हता. दुसऱ्यानं पेरलं, दुसऱ्यानं कापलं, ती चिंचेखाली बसून बघायची.

पुढं ठकूही सासरहून परत आली, कडेवर पोर घेऊन. लेकी कधीकधी परत येतात, हे दौलोजीला ठाऊक होतं म्हणून तर त्यानं पट्टी ठेवली होती. मग भिवरेचं भरत आलं तेव्हा तिनंही गाव बोलावला. म्हणाली, "ही पट्टी माझ्या भाचीची. राखण तिची तीच करील."

म्हातारा जोशी बेलाची पानं आणि भंडाऱ्याची वाटी घेऊन पुढं झाला. भिवरा म्हणाली, "राहू द्या, जोशीबुवा. साक्ष तुमच्या दातांत आहे."

ती पट्टी मग कुणी कोरली नाही. ठकू तिथं राहिली, तिचं पोर विहिरीचं पाणी पिऊन मोठं झालं, आणि सगळे आपापल्या घरी सुखानं जेवले. म्हणजे, करकर करत जेवले.

आता बास. दिवा बारीक करते. तू सरक, बहिणीला पांघरूण पुरू दे. अजून थोडं सरक. हं. निजा आता.