बुडालेलं पाणी

पुष्कळ हिवाळे झाले या गोष्टीला. बर्फाच्या कडेला, समुद्रात दोन भाऊ राहत होते. दोघेही पाणीच. एका कडाक्याच्या थंडीत थोरला गारठला, जड झाला आणि बघता बघता खाली गेला.

"धावा रे! माझा दादा बुडाला!" धाकट्याने आकांत मांडला.

मासे खो खो हसले. "अरे, पाणी कधी पाण्यात बुडतं का?"

"मग तो दिसत का नाही? तो वर येईपर्यंत मी जागचा हलणार नाही!"

तेवढ्यात एका संशोधक बाईंनी जहाजावरून पिवळं नळकांडं सोडलं. खोल जाऊन पाण्याचा गारवा आणि खारटपणा मोजायचा, हे त्याचं काम.

"दादाची खूण सांग," ते म्हणालं.

"माझ्याइतकाच खारट आहे. चाखून बघ!"

चव घेऊन नळकांड्याने बुडी मारली. दहा दिवसांनी ते वर आलं. "सापडला! दक्षिणेकडे निघालाय, पण वाटेत अडकलाय. वरचं पाणी सरकलं तरच खालचं सरकतं."

"खारट पाणी पुष्कळ असतं. तो दादाच कशावरून?"

"म्हणाला, 'त्या माठाला सांग, तू चाललास तरच मला चालता येईल. हजार वर्षं लागली तरी वर येईन.'"

"माठ म्हणाला?" धाकटा रडता रडता हसला. "मग दादाच तो! बाजूला व्हा रे माशांनो, दादाची वाट अडलीय!"

आणि तो उसळत निघाला.