शेवटी उरलेला पाट

“...तर शेवटी येणाऱ्याला स्वतःचा पाट मिळेल का?” बुवांनी विचारलं.

चाळीस जणांची पंगत, प्रत्येकाचा पाट ठरलेला. पहिला माणूस वेंधळा. दिसेल त्या पाटावर बसतो. मागून येणारे आपापल्या पाटावर बसतात, आपला गेला असेल तर रिकामा दिसेल त्यावर.

त्रिविक्रम हसला. संख्याशास्त्राचं सुवर्णपदक घरी ठेवून आला होता म्हणे, पण बोलण्यात ते लटकतच होतं! त्याला बुवांचा अनुग्रह हवा होता. बुवा म्हणाले होते, आधी हे कोडं सोडव.

“मिळतोय कसला! चाळिसात एकदा, फार तर.”

“करून बघितलंस?”

“त्यात काय बघायचं, बुवा? डोकं आहे की.”

“आहे खरं... जड आहे.”

मठातली मंडळी फिदीफिदी हसली. त्रिविक्रमला ते चांगलंच झोंबलं. तणतणत त्याने लॅपटॉप उघडला आणि स्प्रेडशीटच्या एकेका ओळीत एकेक पंगत बसवली. अशा दहा हजार पंगती!

उत्तर आलं, निम्म्या वेळा मिळतो.

“छे!” त्याने सूत्रं तपासली, पंगती उठवून पुन्हा बसवल्या. निम्म्या. पाट वाढवले. तरी निम्म्याच! घाम फुटला गड्याला. आता कसला अनुग्रह, असं वाटून तो रडकुंडीला आला.

“बुवा, माझं चुकलं. निम्म्या वेळा मिळतो. पण का, ते कळत नाही.”

“उत्तर बघितलंस... पंगत बघितलीस का?”

एवढं बोलून बुवा जेवायला उठले.

त्रिविक्रम एकेक ओळ बघत गेला. शेवटी कुणाचा पाट उरतो? पहिल्याचा, नाहीतर शेवटच्याचा. तिसऱ्या कुणाचा कधीच नाही! अरे, मधल्याला आपला पाट रिकामा दिसला की तो बसतोच, मग त्याचा उरेल कसा? आणि भलतीकडे बसणाऱ्याला ते दोन्ही पाट सारखेच!

“कळलं! बुवा, कळलं!” ओरडत तो अंगणातून धावला. असा आनंद त्याला पदक घेतानाही झाला नव्हता.

पंगत बसली होती. त्याच्या पाटावर बुवाच बसलेले, वरणभात कालवत. रिकामा एकच पाट होता, बुवांचा. त्यावर आजवर दुसरं कुणी बसलं नव्हतं.

“बुवा, तो तर तुमचा...”

“बस रे. भात निवतोय.”