सुपडू मुराळी निघतो

सातमाळ्याच्या डोंगरापायथ्याशी वडाळखेडं म्हणून एक गाव. त्या गावात एक भोळा फटफटीवाला होता. नाव सुपडू. सांगितलेलं काम तो मन लावून करायचा, आणि तिथंच सगळा घोटाळा व्हायचा. कारण त्याला जेवढं सांगितलं तेवढंच तो करायचा. एक घास कमी नाही, एक घास जास्त नाही.

सुपडूची आई ठकूबाई. बहीण मथुरा. मथुरा दिली होती पिंपळकोंडीला. लग्नाला तीन वर्षं झाली, पण नागपंचमीला लेक एकदाही माहेरी आली नव्हती. तिच्या सासूचं म्हणणं सरळ होतं. "मुराळी आल्याशिवाय आमच्यात सून पाठवायची रीत नाही. आणि मुराळी चतुर्थीचा दिवस मावळायच्या आत दारात पाहिजे. मागून आला तर पाणी प्यावं आणि परत जावं."

मुराळी म्हणजे माहेराहून लेकीला न्यायला जाणारा माणूस. बाप असता तर बाप गेला असता. बाप नव्हता. उरला सुपडू. म्हणून तीन वर्षं कुणी गेलंच नाही.

या वर्षी ठकूबाई म्हणाली, "सुपड्या, मला तिला एकदा बघायचीय रे. जाशील का?"

"जाईन की."

"वाट माहिताय?"

"नाही."

"मग कसा जाशील?"

"विचारलंस जाशील का म्हणून. वाट माहिताय का, हे नंतर विचारलंस."

ठकूबाईनं कपाळाला हात लावला. मग त्याला घेऊन रतनशेठकडं गेली. रतनशेठचं मोबाईलचं दुकान होतं. गावात सगळ्यात शहाणा माणूस तोच, कारण काही अडलं की लोक त्याच्याकडं जात आणि तो फोन बंद करून चालू करून देई.

रतनशेठनं सुपडूच्या फोनमध्ये पिंपळकोंडी घातली आणि फोन फटफटीच्या हँडलला बांधला. म्हणाला, "यात एक बाई बोलते. ती सांगेल तसं करायचं. स्वतःचं डोकं चालवायचं नाही."

सुपडूला हायसं वाटलं. डोकं चालवायचा त्याचा विचार नव्हताच.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी सुपडू निघाला. गावाबाहेर आल्यावर बाई म्हणाली, "सरळ पुढे जा." सुपडू सरळ गेला. थोड्या अंतरावर रस्ता वळला. बाईनं वळायला सांगितलं नव्हतं. रस्ता आपल्या मनानंच वळला होता. सुपडू सरळ गेला.

समोर शिवदास आप्पाचं भुईमुगाचं शेत होतं. फटफटी बांधावरून उडाली आणि पिकातून आरपार निघाली. आप्पा कुदळ घेऊन धावत आले.

"आंधळा हाय का रं? एवढा रस्ता दिसंना व्हय?"

"दिसला की आप्पा. पण बाई सरळ म्हणाली."

"कोण बाई?"

सुपडूनं फोन दाखवला. आप्पा भुईमुगाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "भल्या माणसा, त्या डबीला काय कळतंय माझं रान? वाट कशी माणसाला विचारावी. माणूस सांगंल तसं जावं."

सुपडूनं मान डोलवली आणि बाईचं तोंड बंद केलं. जगातली शहाणी माणसं फोनातल्या बाईचं ऐकतात आणि घरातल्या बाईचं ऐकत नाहीत. सुपडू त्यातला नव्हता. तो सगळ्यांचंच ऐकायचा.

पुढे तिठा लागला. पारावर एक म्हातारबाबा तंबाखू मळत बसले होते. सुपडूनं गाडी थांबवली.

"बाबा, पिंपळकोंडी?"

"ती बघ, ती लाल एसटी तिकडंच चाललीय. धर तिचं शेपूट. अन् सोडू नको बरं का, पुढं फाटे लई हायेत."

सुपडूनं एसटीचं शेपूट धरलं. एसटी पळाली की तो पळे. एसटी थांबली की तो थांबे. कंडक्टरनं घंटी मारली की तो किक मारी. मागच्या बाकावरची पोरं त्याला वाकुल्या दाखवत होती. तोही दाखवत होता. माणसं सांगतात ती वाट किती सोपी असते, असं त्याला वाटलं.

आणि एसटी पिंपळकोंडीच्या फाट्यावर थांबली.

फाट्यावर हापशी होती. पाण्याचं निमित्त करून मथुरा सकाळपासून तिसऱ्यांदा हंडा घेऊन आली होती. डोळे रस्त्याला लागलेले. भावाला बघितलं आणि हातातला हंडा खाली ठेवून तिनं जोरात हात केला. "दादा! ए दादा!"

सुपडूनंही जोरात हात केला.

एसटीची घंटी वाजली. सुपडूनं किक मारली आणि एसटीच्या मागं निघून गेला. सोडू नको, असं बाबांनी बजावलं होतं.

एसटी दुपारी तालुक्याला पोचली. तिथून ती डेपोत शिरली. सुपडूही शिरला. एसटी धुवायच्या जागी जाऊन उभी राहिली. सुपडू तिच्या मागं उभा राहिला. वरून पाणी आलं, बाजूनं पाणी आलं, साबण आला. धुणाऱ्या माणसानं डोळे मिटून सवयीनं एसटी धुतली, आणि सवयीनं सुपडूही धुतला.

मग तो ओरडला, "ए! तू कोण रे?"

"मुराळी."

"कुणाचा?"

"मथीचा. तिला पिंपळकोंडीहून न्यायचीय."

"अरे, पिंपळकोंडी मागं राहिली! वाट चुकली की माणसानं पुढं पुढं जाऊ नये बाबा. आल्या वाटेनं मागं फिरावं."

सुपडूनं त्याच्या पाया पडून नवा धडा घेतला आणि आल्या वाटेनं मागं फिरला.

फाट्यावर मथुरा अजून होती. हंडा कधीच भरून झाला होता. भाऊ येताना बघून तिच्या जिवात जीव आला. "दादा, थांब! कुठं चाललास?"

"वाट चुकलोय गं मथे!" सुपडू गाडी न थांबवता ओरडला. "मागं फिरतोय!"

आणि मागं फिरला. तिठ्यावरून फिरला. पारावरून फिरला. आल्या वाटेनं फिरायचं म्हणून शिवदास आप्पांच्या भुईमुगातूनही फिरला. आप्पा काय म्हणाले, ते लिहिण्यासारखं नाही.

ठकूबाई दारातच होती. "मथी कुठाय?"

"फाट्यावर."

"भेटली?"

"दोनदा."

"मग आणली का नाहीस?"

"चुकलो होतो ना."

ठकूबाईनं पाठ फिरवली. आत जाऊन चुलीपुढं बसली. लेकीसाठी आणलेल्या हिरव्या बांगड्या तिनं फळीवरून काढल्या, पुसल्या आणि परत फळीवर ठेवल्या. सुपडूनं ते बघितलं. त्यालाही वाईट वाटलं. पण वाईट वाटल्यावर काय करायचं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चतुर्थी. हा शेवटचा दिवस. ठकूबाई उजाडताच रतनशेठच्या दुकानापुढं जाऊन उभी राहिली. फोन धुतल्यामुळं त्यातलं सगळं गेलं होतं. रतनशेठनं तो वाळवला आणि त्यात नकाशा नव्यानं उतरवायला घेतला. फोन एकेक पाटी उघडी आणि काहीतरी विचारी. तुम्ही कुठं आहात, ते आम्हाला कळू द्याल का? तुमचे फोटो बघू का? आमच्या अटी मान्य आहेत का?

सुपडू एकेक अक्षर लावून वाचायला लागला.

"वाचतोस काय?" रतनशेठ म्हणाला. "कुणी वाचत नाही. मी वाचत नाही. लिहिणाऱ्यानंही वाचलं नसंल. काहीही विचारलं की 'मान्य आहे' म्हणायचं. मान्य म्हटल्याशिवाय पुढं जाताच येत नाही."

"काहीही विचारलं तरी?"

"काहीही."

सुपडूनं हे मनात पक्कं बसवलं आणि निघाला.

गावाबाहेर एक आजोबा कोंबडी बगलेत धरून उभे होते. "पिंपळकोंडीपर्यंत नेतोस का लेका?"

"मान्य आहे."

आता पुढून बाई बोलायला लागली आणि मागून आजोबा. बाई म्हणे डावीकडं, आजोबा म्हणत उजवीकडं. सुपडू दोघांनाही मान्य म्हणे आणि जागच्या जागी गोल फिरे. कोंबडीला चक्कर आली. शेवटी बाईचं चार्जिंग संपलं. आजोबांचं संपलं नाही. म्हणून सुपडू भर दुपारी पिंपळकोंडीत मथुरेच्या दारात उतरला.

मथुरेचा चतुर्थीचा, भावासाठी धरलेला उपास होता. कालपासून घडलेलं सगळं विसरून तिनं भावाला पाणी दिलं. तिचं गाठोडं बांधून तयारच होतं.

सासू सगुणाबाई ओसरीवर बसली होती. "या मुराळी. आलात म्हणायचे."

"मान्य आहे."

"तीन वर्षं लावलीत."

"मान्य आहे."

सगुणाबाईनं मान वर केली. तिच्या घरात तिचं म्हणणं इतक्या लवकर कुणी कबूल करत नसे. ती जरा सरसावून बसली.

"खरं बोलू का? तुमच्या बहिणीला कामाचा उरक नाही."

"मान्य आहे."

"भाकरी करते ती चपलेसारखी."

"मान्य आहे."

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. सगुणाबाई खूश झाली. "मुराळी मोठा समजूतदार दिसतोय. मग मला सांगा, असल्या सुनेला सणाला पाठवून तिचे लाड करायचे का? राहू दे इथंच. काय?"

मथुरा दाराआडून दोन्ही हात हलवत होती. नाही म्हण, नाही म्हण. सुपडूनं बघितलंही. पण 'नाही' म्हणायचं रतनशेठनं शिकवलं नव्हतं.

"मान्य आहे," सुपडू म्हणाला.

मथुरा दाराशीच मटकन बसली. तिच्या डोळ्यांना धार लागली.

सगुणाबाई जिंकली होती. पण जिंकल्यावरही काही माणसांना गप्प बसवत नाही. ती टोमणा मारून गेली. "अहो, माहेरपण कुणाला नको असतं? माझा भाऊ गेला, भावजय दारात उभी करत नाही. वीस वर्षांत मला न्यायला कुत्रं आलं नाही. आता तुमची गाडी रिकामीच जायची, तर सुनेऐवजी मीच येऊन बसू का?"

"मान्य आहे."

कोंबडीवाले आजोबा पाणी प्यायला थांबले होते, त्यांचा तांब्या तोंडाशीच राहिला.

सगुणाबाईनं सुपडूच्या तोंडाकडं नीट बघितलं. त्यात थट्टा नव्हती. त्यात काहीच नव्हतं. ती उठली, आत गेली आणि ट्रंकेतलं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून बाहेर आली. हातात पिशवी. थेट फटफटीवर बसली.

मथुरेचं रडू तिथंच थांबलं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "आत्याबाई, नीट धरून बसा. अन् घाई करू नका. चांगल्या आठ दिवस राहा."

दिवस कलता कलता फटफटी वडाळखेड्यात आली. ठकूबाई ओवाळून टाकायला भाकरतुकडा आणि तांब्या घेऊन उंबऱ्यात उभीच होती. तिचे डोळे भरून आलेले, समोरचं काही दिसत नव्हतं. तिनं पायांवर पाणी घातलं.

"मथे, पाय किती गं सुजले तुझे," ती म्हणाली. मग तिनं वर बघितलं.

भाकरतुकडा हातातून पडला.

"अरे सुपड्या, लेक आणायला सांगितली होती!"

"तिला ठेवून घेऊ का म्हणाल्या, मान्य म्हटलं. मी येऊ का म्हणाल्या, मान्य म्हटलं."

विहीण तोवर घरात शिरून खाटेवर बसली होती. दारात आलेल्याला हाकलायचं कसं? ठकूबाईनं तिला जेवू घातलं, अंथरूण घातलं, आणि रात्रभर आढ्याकडं बघत विचार केला.

पंचमीची सकाळ झाली. फळीवरच्या बांगड्या आणि एक लुगडं तिनं गाठोड्यात बांधलं. सुपडूला अंगणात बोलावलं.

"मथी तिथं एकटी. मी इथं हिच्यासाठी पुरणाची दिंडं उकडत बसू होय? सणाला मायलेकी एका घरात नकोत का?"

"मान्य आहे."

"मग गाडी काढ. मला पिंपळकोंडीला सोड."

"मान्य आहे."

फटफटी सुरू झाली. आवाजानं सगुणाबाई जागी झाली. तिनं खाटेवरूनच हाक मारली, "विहीणबाई, मी वीस वर्षांनी माहेरपणाला आलेय हो! आज काडी हलवणार नाही. पाणी, चूल, सणाचा सैपाक, सगळं तुम्हीच करायचं. काय?"

ठकूबाईनं गाठोडं मांडीवर घेतलं, सुपडूचा खांदा धरला आणि फाटकातून बाहेर पडता पडता ओरडून सांगितलं,

"मान्य आहे!"